मधलं टेबल तेवढं माझं

आमच्या घरात तीन पिढ्या गुळाची आडत. शेतकऱ्याचा गूळ गाडीतनं यायचा, सौदा व्हायचा, व्यापारी उचलून न्यायचा, आणि मध्ये बसलेल्या आडत्याच्या कपड्यांना काय तो वास लागायचा. ह्या मध्ये बसण्याचा मला भयंकर तिटकारा. शिकलेलो होतो ना मी. दुसऱ्याचा माल तिसऱ्याच्या पदरात घालायचा आणि वर मिशीला पीळ भरायचा, ह्याला काय धंदा म्हणायचं, असं मी अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, तोंडावर सांगितलं होतं. मंगळवार पेठेत आमच्या घराखाली पोती ठेवायचं दुकान होतं, ते त्यांनी मला रिकामं करून दिलं. त्यात मी इंटरनेटची कंपनी काढली.

हे दोन हजार सालच्या आसपासचं. खासगी माणसाला इंटरनेट पुरवायला परवानगी मिळू लागली होती, आणि परवानगी मिळाली की कोल्हापूरचा माणूस आधी बोर्ड रंगवतो, धंदा काय करायचा ते मग बघतो. माझ्या बोर्डावर लिहिलं होतं, 'कोल्हापूरचं स्वतःचं इंटरनेट, कुणाचं मिंधं नाही'. त्यातलं 'मिंधं नाही' मी पेंटरला मुद्दाम लाल रंगात घालायला लावलं होतं.

उद्घाटनाला अप्पा आडतीवरनं थेट आले. काचेच्या कपाटात मी मोडेमची चळत लावली होती. तिचे दिवे लुकलुकत होते आणि मी त्यांच्यापुढं फोटोला उभा होतो. अप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, हे तुझं नेट येतं कुठनं? मी सांगितलं, मोठ्या टेलिफोन कंपनीची एक लाइन भाड्यानं घेतलीय, तिच्यातनं. आणि गिऱ्हाईक घरातनं तुला गाठतं कसं? म्हटलं, फोन लावून. फोन कुणाचा? त्याच कंपनीचा. तो येऊन वाजतो ती तार कुणाची? तीही त्याच कंपनीची.

"म्हंजे येणारी तार त्यांची, जाणारी तार त्यांची," अप्पा म्हणाले. "मधलं टेबल तेवढं तुझं. आडतच की रे ही."

मी त्यांना सर्व्हर म्हणजे काय, बँडविड्थ म्हणजे काय, हे बराच वेळ समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आणखी एक पेढा घेतला. आई, तिला आम्ही अव्वा म्हणतो, मागं उभी होती. तिनं एवढंच म्हटलं की शेजीबाईची कढी, धावू धावू वाढी. आईला मी तंत्रज्ञान समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

पण अप्पांचं खोटं नव्हतं हे पहिल्या पावसाळ्यातच कळलं. राधानगरीकडं पाऊस लागला की ती भाड्याची लाइन आधी शिंकायची, मग झोपायची. बरं, ती मोठी कंपनी स्वतःही इंटरनेट विकत होती. आत नंबर आणि पासवर्ड असलेली त्यांची पाकिटं वहीपेन्सिलीच्या दुकानात मिळायची. म्हणजे ज्याच्या विहिरीवर आमची मोट, तोच शेजारी रस्त्यावर बसून पाणी विकत होता. भांडायचं तर कुणाशी, कारण उद्या पाणी त्याच्याकडनंच घ्यायचं.

मग मी एक वाक्य शोधून काढलं. गिऱ्हाइकाचा फोन आला की म्हणायचं, 'आपल्याकडनं चालूच हाय, वरनं बंद हाय.' काय सुंदर वाक्य होतं ते. लाइन गेली तर ते खरंच असायचं. पण माझा मोडेम तापून बसला, पेठेतली लाइट गेली, मी जेवून आडवा झालो होतो म्हणून बटण दाबायचं राहिलं, तरी तेच वाक्य. नाचता येईना अंगण वाकडं, आणि माझं अंगण तर कायदेशीर भाड्याचं होतं. वर्षभरात अख्ख्या पेठेनं त्या 'वरनं'वर इतका दात धरला की लोक मला बिचारा म्हणायला लागले. मलाही ते आवडायला लागलं.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगायला पाहिजे, कारण ह्या सगळ्यात खरं काही पणाला लागलं असेल तर ते तिचं. तिला शिरोळकडं दिली होती, उसाच्या मोठ्या घरात. एका दुपारी ती एसटीनं एकटी आली, हातात एकच बॅग. आम्ही काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. लग्नाआधी माडीवरनं हाक मारली की कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ऐकू जायची अशी ही पोरगी, ती आता शेजारच्या खोलीत आहे की नाही तेही कळायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा आवाज न करता ठेवायची.

तिनं सायन्स केलं होतं, इंग्रजी झकास होतं. पुण्याच्या एका कंपनीतनं तिनं घरबसल्या काम मिळवलं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की बोलून ठेवायचे, तो आवाज फाइल होऊन पहाटे आमच्या घरी यायचा आणि हिनं तो कानात घालून टाइप करून संध्याकाळी सहाच्या आत परत धाडायचा. दुकानातनं माडीवर मी तिच्यासाठी एक वायर सोडली होती. अव्वाला ह्या कामाची फार गोडी. रोज भाकऱ्या थापता थापता विचारायची, त्या मुतखड्याच्या माणसाचं काय झालं ग? बहीण म्हणायची, सांगायचं नसतं अव्वा. मग अव्वा आपल्या मनानंच त्याला बरा करून टाकायची.

पण तिच्या सासरकडनं मध्यस्थ येऊन बसून गेले होते. चहा पिऊन त्यांनी सांगितलं की पोरीनं माहेरात रिकामं बसण्यात शोभा नाही, परत धाडा. अप्पा म्हणाले, ती रिकामी नाही, ती नोकरी करते. तेवढ्या एका वाक्यावर ते लोक उठून गेले. म्हणजे ते काम होतं तोवर ती आमच्या घरात कामाला बसलेली होती, आणि ते गेलं की रिकामी बसलेली ठरणार होती. अव्वाचं मन आधीच दोन्हीकडं हेलकावत होतं. आणि ह्या सगळ्याचा भार कशावर, तर माझ्या लाइनीवर. दोन वेळा तिची फाइल उशिरा गेली होती, दोन्ही वेळा माझं नेट बंद होतं म्हणून. पुण्याच्या कंपनीनं कळवलं होतं, पुन्हा उशीर झाला तर काम बंद.

आणि एके दिवशी दुपारी जेवणाआधीच लाइन मेली.

मी कपाटातले सगळे मोडेम बंद करून चालू केले, मग उगीच पुसले. मोठ्या कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला, तर तिकडनं बाई म्हणाल्या, तुमच्या बाजूला तपासून बघा. वर्षभर मी लोकांना 'वर' दाखवत होतो, आणि वरच्यांनी मला 'खाली' दाखवलं. तेवढ्यात बहीण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली. टाइप करून झालंय, म्हणाली, फक्त धाडायचं राहिलंय, किती वेळ लागंल अण्णा? मी म्हटलं, पंधरा मिनिटं. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे. ती मान हलवून वर गेली. अर्ध्या तासानं पुन्हा आली, तेव्हाही मी पंधरा मिनिटंच म्हटलं.

इतक्यात गिऱ्हाइकं दुकानात जमायला लागली. आमच्या गावाचा एक स्वभाव आहे. नळाला पाणी आलं नाही तर दुसरीकडचा माणूस पाना शोधतो, आम्ही मोर्चा काढतो. आंदोलनात कोल्हापूरचा हात धरणारं कुणी नाही, आणि त्यात मंगळवार पेठ म्हणजे तालमींची पेठ. आमच्या तालमीचे वस्ताद माझे गिऱ्हाईक होते. परदेशातल्या कुस्त्यांचे फोटो बघायला त्यांनी कनेक्शन घेतलं होतं, आणि एक फोटो पुरा उघडेपर्यंत त्यांचा खुराक खाऊन व्हायचा. त्यांनी मला विचारलं, काय झालंय? मी माझं ते सुंदर वाक्य म्हटलं, आणि ह्या खेपेला त्यात भर घातली. आपल्या गावची कंपनी मोठी हुईल म्हणून ही लोकं मुद्दाम गळा दाबायला लागल्यात, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. पुरावा काय? काही नाही. पण बोलताना माझाच गळा दाटून आला, आणि गळा दाटला की आपलं खरं असणार असं मला आपलं नेहमीच वाटतं.

वस्ताद म्हणाले, टाळं ठोकूया.

टाळं ठोकणं म्हणजे आमच्याकडचा शेवटचा उपाय, जो आम्ही पहिल्यांदा करतो. ज्या ऑफिसावर राग त्याच्या दाराला कुलूप लावून घोषणा द्यायच्या. कुलूप आणायचा मान माझ्याकडं आला. मी दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात दणकट द्या. त्यानं पितळी, मुठीएवढं, एकाच किल्लीचं एक काढलं आणि सांगितलं, हे तोडायला माणूस जन्माला यायचाय. मी म्हटलं, हेच पायजे.

निघालो. तालमीचे पैलवान, कॉलेजची पोरं, दोन डॉक्टर, एक वकील आणि ज्यांच्याकडं कॉम्प्युटरच नव्हता अशी बरीच मंडळी. रस्त्यात कुणी विचारलं कशाचा मोर्चा, तर उत्तर मिळायचं, या की, मग कळंल. मोठ्या कंपनीच्या ऑफिसाचं फाटक उघडंच होतं. आम्ही ते ओढून बंद केलं, मी कुलूप घातलं, आणि फाटकाच्या कट्ट्यावर चढून भाषण ठोकलं. काय बोललो ते आज आठवत नाही, एवढं आठवतंय की छत्रपतींपासून सुरुवात केली होती आणि बँडविड्थवर यायला बराच वेळ लागला. शेवटी जोश इतका चढला की मी किल्ली वर धरली आणि म्हटलं, ही किल्ली आता रंकाळ्यात. टाळ्या पडल्या. ते आपलं बोलायचं म्हणून बोललो होतो. पण वस्ताद शब्दाला जागणारा माणूस. त्यांनी माझ्या हातातनं किल्ली घेतली, बुलेटला किक मारली आणि तळ्याकडं गेले. तासाभरानं परत आले ते हात झटकतच.

तोवर आतनं ऑफिसचे साहेब फाटकाशी आले होते. नागपूरकडचा माणूस, हळू बोलणारा. घोषणा संपायची वाट बघत ते गजांपलीकडं शांत उभे होते. मी कट्ट्यावरनं उतरलो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पाइप टाकायला कोणी तरी रस्ता खणला, त्यात तुमची केबल तुटली," ते म्हणाले. "फोनची केबल वेगळी आहे, ती वाचली. तुमचीच जोडायला आम्ही निघालो होतो."

त्यांनी मागं बोट केलं. जीप चालू होती. आत केबल जोडणारी चार माणसं हत्यारं मांडीवर घेऊन बसली होती आणि आमच्याकडं बघत होती. त्यांच्या आणि माझ्या तुटलेल्या केबलीच्या मध्ये आता एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी निवडून आणलेलं कुलूप.

आयुष्यात माझी बरीच फजिती झाली आहे, पण अशी नाही. मी मोर्चाकडं वळलो आणि सांगितलं की जरा गैरसमज झालाय, फाटक उघडाय पायजे. मागनं कुणी तरी शांतपणे विचारलं, मग आता घोषणा कुणाच्या नावानं द्यायच्या? वस्तादांना मी विचारलं, किल्ली रंकाळ्यात कुठं टाकली. ते जरा दुखावलेच. म्हणाले, लांब टाकली की, जवळ कशाला टाकू.

सायकलच्या दुकानातनं लोखंड कापायचा हॅकसॉ आणला. पैलवान पुढं सरसावले, पण मी म्हटलं, मीच कापतो. ते मोठेपणानं नव्हे, सगळे माझ्याकडं बघत होते म्हणून. पहिलं पातं तुटलं. दुसरं बोथट झालं. साहेबांनी गजांतनं माझ्यासाठी चहाचा कप बाहेर दिला, आणि तो मी घेतला, इतकी माझी लाज तोवर संपली होती. घड्याळ मी बघत नव्हतो, पण समोरच्या शाळेतली पोरं घरी गेली, मग क्लासची पोरं गेली, तेव्हा कळत होतं की सहा वाजून जाणार. माडीवर बहीण बसली असेल, समोर टाइप केलेली फाइल असेल आणि ती माझ्या पंधरा मिनिटांची वाट बघत असेल, हे एकच डोक्यात होतं. कुलूप तुटलं तेव्हा सात वाजायला आले होते. जीप बाहेर पडली. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

मी घरी येऊन जिना चढायला लागलो. काय सांगायचं तिला? वरनं बंद हाय? वर गेलो तर बहीण टेबलाशी बसून गवती चहा पीत होती. म्हणाली, गेली की फाइल, साडेपाचलाच गेली.

माझ्या जिवात जीव आला, तो दोन सेकंदच. कारण टेबलावर मला मोठ्या कंपनीचं इंटरनेटचं पाकीट दिसलं, फोडलेलं. कोपऱ्यावरच्या दुकानातनं तिनं ते आणलं होतं आणि घरचा फोन काढून आपल्या कॉम्प्युटरला लावला होता. म्हणजे ज्या इमारतीच्या फाटकाला मी टाळं ठोकून मग तेच कापत बसलो होतो, त्याच इमारतीतनं, माझ्या हॅकसॉच्या डोक्यावरनं, माझ्या बहिणीची फाइल अमेरिकेला गेली होती.

खरं तर मी तिथंच हात जोडायला पाहिजे होते. पण मी पडलो मी. माझ्या घरात त्यांचं पाकीट, म्हणून माझं डोकं फिरलं. म्हटलं, सगळी पेठ माझ्यासाठी रस्त्यावर उतरलीय आणि माझ्याच माडीवर हे? लोकांना कळलं तर काय म्हणतील? दारातनं अप्पा म्हणाले, लोकांना आज त्याहून बरंच काय काय कळलंय. मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. बहिणीला म्हटलं, मला सांगायचं होतंस, माझ्यावर एवढा पण इस्वास न्हाय व्हय तुझा?

तिनं कप खाली ठेवला, नेहमीसारखा आवाज न करता.

"घर बी तुझं, नेट बी तुझं," ती म्हणाली. "नेट बंद पडलं तर मी तुझ्यावर चिडू कशी, अण्णा? तुझ्याशी भांडले तर जाऊ कुठं? एक तरी परक्याचं असू दे की."

मला रडू आलं. अप्पा आत निघून गेले. वर्षभर मी स्वतःला दुसऱ्याच्या तारेवर लोंबकळणारा बिचारा म्हणवून घेत होतो, आणि माझ्या तारेवर कोण लोंबकळतंय हे एकदाही वर जाऊन बघितलं नव्हतं. वायर मात्र मीच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच ऑफिसात गेलो. फाटकावर नवं कुलूप होतं, साधं. साहेबांनी मला बघून आधी माझ्या हातांकडं बघितलं, मोकळे आहेत ना म्हणून. मी म्हटलं, एक फोन पाहिजे, बहिणीच्या नावावर. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. माझी कंपनी पुढं चारेक वर्षं कशीबशी चालली, मग मोठ्या कंपनीनं घरोघरी ब्रॉडबँड दिला आणि मी गुमान आडतीवर जाऊन बसलो. पण ते नंतरचं.

बहिणीचा फोन आला, तिनं त्यावर त्यांचंच नेट घेतलं, आणि एका दुपारी तेही बंद पडलं. मी दुकानातनं धावत जिन्यापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. वर ती घरच्या फोनवरनं मोठ्या कंपनीच्या तक्रारवाल्यांना झाडत होती. काय झाडत होती! सहाच्या आत लाइन न्हाय आली तर तिथं येऊन बसते म्हणाली, तुमचं नाव काय ते आधी सांगा म्हणाली, वरच्या साहेबाला फोनवर घ्या म्हणाली. अव्वा भाकरीच्या हातानंच बाहेर आली. पानवाल्यानं खाली पान लावायचं थांबवून वर बघितलं. शिरोळहून आल्यापासून ती एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होती.